युरिया सेंद्रिय आहे का?

सेंद्रिय रसायनशास्त्राची गोष्ट सांगताना बहुतेक पुस्तके १८२८ सालापासून सुरुवात करतात. त्या वर्षी फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केल्याचे प्रसिद्ध केले. तोवर युरिया ठाऊक होता तो सजीवांच्या मूत्रातला. म्हणून युरिया हा सेंद्रिय संयुगांचा जणू मूळ पुरुष, असे आपण वर्गात सांगतो. तास संपतो. विद्यार्थी शाळेबाहेर पडतो तर समोरच्या भिंतीवर लिहिलेले असते, ‘रासायनिक खते टाळा, सेंद्रिय शेती करा.’ आणि रासायनिक खत म्हटले की त्याच्या घरात पहिले नाव निघते ते युरियाचेच.

मग युरिया सेंद्रिय की रासायनिक? एखादा चौकस विद्यार्थी हे विचारतोच. त्याला बहुधा उत्तर मिळते, ‘ते सेंद्रिय वेगळे आणि हे सेंद्रिय वेगळे. परीक्षेत पुस्तकातले लिही.’ हे उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. वेगळे ते कसे, आणि वेगळे असूनही शब्द एकच का, हे त्यात येत नाही. आमच्या मते हा गोंधळ नुसता शब्दांचा नाही. जमिनीत काय टाकायचे, बाजारात कशाला जादा पैसे मोजायचे, कोणत्या औषधाला भ्यायचे, या सगळ्या निर्णयांत हे एक विशेषण ढवळाढवळ करते. म्हणून त्याची थोडी झाडाझडती घेऊ.

मराठी ‘सेंद्रिय’ हा इंग्रजी ‘ऑर्गॅनिक’चा अनुवाद. तेव्हा सुरुवात ऑर्गॅनिकपासून करायला हवी. याचे मूळ ग्रीक ‘ऑर्गानॉन’. अर्थ साधा, हत्यार किंवा साधन. ज्याने काम करायचे ते ऑर्गानॉन. सूर काढण्याचे साधन म्हणून चर्चमधला ऑर्गन, आणि त्याचाच धाकटा भाऊ म्हणजे आपल्या संगीत नाटकांत साथीला असणारा पायपेटीचा ऑर्गन. शरीराची कामे करणारी साधने म्हणून डोळा, यकृत, हृदय हेही ऑर्गनच. म्हणजे ऑर्गॅनिक या विशेषणाचा जुना अर्थ ‘साधनासारखा, साधन म्हणून उपयोगी पडणारा’ असा होता. आज हा शब्द यंत्राच्या अगदी उलट टोकाला जाऊन बसला आहे. मुळात मात्र तो हत्याराच्या पेटीतला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या विशेषणाला दोन फांद्या फुटल्या. दोन्हींचा बुंधा एकच, ‘अवयव असलेला तो सजीव’. पण पुढे त्या इतक्या लांब गेल्या की एकमेकींना ओळखेनाशा झाल्या.

पहिली फांदी रसायनशास्त्राची. सजीवांच्या शरीरात सापडणारे पदार्थ ते ऑर्गॅनिक, आणि खनिजांत सापडणारे ते इनऑर्गॅनिक, अशी वाटणी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या बर्झेलियसने ऑर्गॅनिक केमिस्ट्री हे नाव रुळवले. वाटणी पदार्थ कुठून आला यावर होती, तो कशाचा बनला आहे यावर नव्हती. साखर उसातली किंवा बिटातली, म्हणून ती ऑर्गॅनिक. मीठ समुद्रातले, म्हणून ते इनऑर्गॅनिक. सजीवांतले पदार्थ घडायला काही खास ‘जीवनशक्ती’ लागते, असेही तेव्हा पुष्कळ जण मानत.

व्होलरचा युरिया इथे येतो. अमोनियम सायनेट हे क्षारासारखे संयुग करायला जावे आणि हाती युरिया यावा, असे झाले. मूत्रपिंडाशिवाय युरिया! त्याने हे बर्झेलियसला मोठ्या उत्साहाने कळवले. यापुढची कथा पुस्तके जरा जास्तच नाट्यमय करतात. एका प्रयोगाने जीवनशक्तीचा सिद्धांत कोसळला, असे सांगतात. तसे झाले नाही. एक तर सायनेट करण्यासाठी लागणारी द्रव्ये त्या काळी शिंगे, रक्त अशा प्राणिज मालापासून मिळवत. तेव्हा शंका घ्यायला जागा होती. दुसरे म्हणजे, खुद्द व्होलरनेच चार वर्षे आधी, १८२४ साली, वनस्पतींत आढळणारे ऑक्झॅलिक आम्ल प्रयोगशाळेत मिळवले होते, आणि त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. १८४५ मध्ये कोल्बेने मूलद्रव्यांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने ॲसेटिक आम्ल बनवले. अशा अनेक कामांनंतर ती कल्पना हळूहळू मागे पडली. विज्ञानात किल्ले एका तोफेने पडत नाहीत, हे मुलांना कळले तर बिघडत नाही.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची. ‘सजीवांतून आलेला’ ही कसोटी निकामी झाल्यावर रसायनशास्त्रज्ञांपुढे दोन वाटा होत्या. शब्द टाकून द्यायचा, किंवा शब्द ठेवून अर्थ बदलायचा. त्यांनी दुसरी निवडली. आता ऑर्गॅनिक म्हणजे कार्बनची संयुगे, असे ठरले. नाव जन्मस्थानाचे राहिले आणि व्याख्या रचनेची झाली. आजच्या गोंधळाचे बी इथे पडले.

नवी व्याख्याही म्हणावी तेवढी नीट नाही. कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, कार्बोनेटे, सायनाइडे यांत कार्बन असूनही ती असेंद्रियांत मोडतात, ती केवळ परंपरेने. काही ठिकाणी विद्यार्थ्यांना सांगतात की कार्बन आणि हायड्रोजन यांच्यात थेट बंध असेल तरच संयुग सेंद्रिय. ही कसोटी युरियाला लावून पाहा. युरियाच्या रेणूत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन अणू. चारही हायड्रोजन नायट्रोजनला जोडलेले, कार्बनला एकही नाही. म्हणजे या नियमाने मूळ पुरुषच कुळातून बाहेर! ऑक्झॅलिक आम्लाचेही तेच. आणि अमोनियम सायनेटमध्ये तर अगदी तेच अणू, त्याच संख्येने आहेत. फक्त मांडणी वेगळी. तरी ते असेंद्रिय आणि युरिया सेंद्रिय. निसर्गात अशी कुंपणे नसतात, आपण सोयीसाठी घालतो. पाठ्यपुस्तकात काळ्या ठशात छापलेली व्याख्या वाचताना हे मनात असावे.

आता दुसरी फांदी. ती तत्त्वज्ञान आणि साहित्य यांच्या अंगणात वाढली. सजीव आणि घड्याळ यांत फरक काय? घड्याळाचे चाक सुटे करून ठेवले तर ते चाकच राहते. हात शरीरापासून वेगळा केला तर तो हात राहत नाही. सजीवात प्रत्येक भाग दुसऱ्यासाठी असतो आणि सगळ्यांमुळे मिळून अखंड वस्तू उभी राहते. १७९० साली कान्टने हा विचार मांडला, पुढे कोलरिजने तो काव्याला लावला. मराठी समीक्षेत ‘सेंद्रिय एकता’ म्हणतात ती इथूनच आलेली. या फांदीवर कार्बनचा काही संबंध नाही. ऑर्गॅनिक म्हणजे एकजीव, आतून वाढलेले. धंद्याची ‘ऑर्गॅनिक’ वाढ म्हणतात तीही याच कुळातली. वैद्यकातला वापर मात्र जुन्या अवयवाच्या अर्थाला धरून राहिला. अवयवात प्रत्यक्ष बिघाड दिसतो तो ऑर्गॅनिक आजार.

सेंद्रिय शेती कोणत्या फांदीवरची? बहुतेकांना वाटते, पहिल्या. ती आहे दुसऱ्या. इंग्लंडमधल्या लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी १९४० साली ‘लुक टु द लँड’ या पुस्तकात हा शब्दप्रयोग आणला. त्यांचे म्हणणे होते की शेत हे एखाद्या सजीवासारखे आहे. जमीन, जनावरे, पिके, माणसे यांनी मिळून एक अखंड वस्तू होते. तिचे भाग सुटे करून प्रत्येकाला वेगळे औषध देता येत नाही. ऑर्गॅनिक ते शेत, खत नव्हे. १९४२ मध्ये अमेरिकेत रोडेल यांनी ‘ऑर्गॅनिक फार्मिंग अँड गार्डनिंग’ हे मासिक काढले आणि शब्द सामान्य लोकांत गेला. तो लोकांत गेला तेव्हा ‘एकजीव शेत’ हा अर्थ वाटेत गळला आणि ‘ऑर्गॅनिक खत घातलेले’ एवढाच उरला.

या चळवळीचा एक धागा आपल्या फार जवळून जातो. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरला होते. काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर देऊन, ठराविक दिवसांनी खालीवर करून कंपोस्ट करण्याची ‘इंदूर पद्धत’ तिथे घडली. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघाले त्याचे सहलेखक होते यशवंत वाड. आपल्याकडे हॉवर्ड यांचे नाव निघते, वाडांचे क्वचित. त्या पुस्तकाच्या शीर्षकात ऑर्गॅनिक हा शब्द नाही. तिथे शब्द आहे ‘ह्यूमस’, आणि आमच्या मते तो पुष्कळ नेमका होता.

मराठीत हे सगळे आले ते एकाच शब्दात. ऑर्गन म्हणजे इंद्रिय, म्हणून ऑर्गॅनिक म्हणजे इंद्रियांसह, सेंद्रिय. ज्याने हा शब्द घडवला त्याने काम चोख केले. ज्ञानेंद्रिये, पचनेंद्रिये, श्वसनेंद्रिये यांच्या रांगेत तो शोभतो. पण त्यामुळे मूळ इंग्रजी शब्दाची दुखणीही जशीच्या तशी आपल्या घरात आली. साखरेला कुठली इंद्रिये? शेजारच्या हिंदीने हा ताप वाचवला. तिथे रसायनशास्त्र ‘कार्बनिक’ आणि शेती ‘जैविक’. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, अशा अन्नावर लावायच्या बोधचिन्हावर ‘जैविक भारत’ असे असते, ते यामुळेच. फ्रेंचांनीही शेतीला ‘बायोलॉजिक’ म्हटले, स्पॅनिश भाषेत ती ‘इकोलॉजिको’ झाली. म्हणजे शेतीसाठी ऑर्गॅनिक हाच शब्द हवा असे काही नव्हते. इंग्रजीचा हात धरल्यामुळे आपण अडकलो.

आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘कार्बनी संयुगे’ हा शब्द घेतला, हे चांगले झाले. पण महाविद्यालयात गेल्यावर पुन्हा ‘सेंद्रिय रसायनशास्त्र’ भेटते आणि विद्यार्थ्याला वाटते की हा नवा विषय. दरम्यान सरकारी कागदांत आणि जाहिरातींत सेंद्रिय, जैविक, नैसर्गिक, विषमुक्त हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांचे अर्थ एक नाहीत. ‘नैसर्गिक शेती’ म्हणणारे अनेक जण तर सेंद्रिय शेतीवाल्यांशी कंपोस्टवरून भांडत असतात. आणि ‘विषमुक्त’ हा दावा तपासणी केल्याशिवाय करताच येत नाही.

शब्दाचा इतिहास एवढा पुरे. आता त्यामुळे होणाऱ्या चुका पाहू.

मोरचूद आणि मोनोक्रोटोफॉस

लोकांच्या मनात जोडी असते ती ‘सेंद्रिय विरुद्ध रासायनिक’ अशी. ही जोडीच मुळात बसत नाही. शेणही रसायनांचेच बनलेले आहे. हे सांगून विज्ञानाचे लोक जिंकल्यासारखे हसतात, आणि तिथेच थांबतात. तेही आम्हाला पटत नाही, त्याकडे पुढे येऊ. आधी काही पदार्थ तपासू.

द्राक्षबागेत केवड्यावर बोर्डो मिश्रण फवारतात. त्यात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि कळीचा चुना. मोरचुदात कार्बनचा एकही अणू नाही. रसायनशास्त्राच्या भाषेत तो शंभर टक्के असेंद्रिय. पण सेंद्रिय शेतीच्या नियमांत बोर्डो मिश्रण मर्यादा घालून चालते, कारण त्यातला पदार्थ खनिज आहे आणि वापर जुना आहे. मर्यादा मात्र खरी आहे, कारण तांबे जमिनीत साठत जाते. युरोपीय संघाने ती हेक्टरी सात वर्षांत २८ किलो तांबे अशी ठेवली आहे. गंधकाचेही तसेच. शुद्ध मूलद्रव्य, तरी सेंद्रिय शेतीत मान्य.

याच्या उलट एंडोसल्फान, डीडीटी, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस घ्या. ही सगळी कार्बनची संयुगे. इंग्रजीत यांच्या गटांची नावेच ‘ऑर्गॅनोक्लोरीन’ आणि ‘ऑर्गॅनोफॉस्फेट’ अशी आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वेळी ज्या औषधांची नावे पुढे आली त्यांत मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस होती. रसायनशास्त्राच्या कपाटात ही औषधे ‘सेंद्रिय’ याच फळीवर ठेवलेली असतात. एखाद्या डब्यावर ‘ऑर्गॅनो’ हे अक्षर पाहून कुणाला ते निरुपद्रवी वाटले तर त्याचा दोष त्या माणसाला कसा द्यायचा?

तंबाखूचा काढा पूर्वी शेतकरी माव्यावर मारत. त्यातले निकोटीन वनस्पतीतून आलेले, कार्बनचे, अगदी नैसर्गिक, आणि जहाल विष. चिलीच्या वाळवंटात सापडणारा सोडियम नायट्रेट खणून काढलेला, कारखान्यात न बनलेला. तरी आपल्या देशाच्या सेंद्रिय नियमावलीत त्याला मनाई आहे. आणि युरिया? कार्बनचे संयुग, शिवाय सजीवांच्या शरीरात रोज तयार होणारे. तरी मनाई. त्यात आणखी गंमत अशी की रायगड जिल्ह्यातल्या थळसारख्या कारखान्यांत युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. वायूतल्या हायड्रोजनपासून अमोनिया होतो, आणि वायूतल्याच कार्बनपासून झालेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याशी जोडतात. हा वायू कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या सजीवांपासून आलेला. म्हणजे जन्मस्थानाच्या जुन्या कसोटीवरही युरियाचा कार्बन सेंद्रियच ठरतो!

यातून एवढे दिसते की, सेंद्रिय शेतीतला ‘सेंद्रिय’ हा पदार्थाचा गुण सांगत नाही. तो पद्धतीबद्दलचा करार सांगतो. भारतात २००० साली सुरू झालेला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम हा करार लिहून ठेवतो. काय वापरायचे, काय नाही, शेजारच्या शेतातून फवारा उडून येऊ नये म्हणून काय करायचे, नोंदी कशा ठेवायच्या. हंगामी पिकांसाठी दोन वर्षे आणि बहुवर्षायु पिकांसाठी तीन वर्षे संक्रमणकाळ पाळावा लागतो, तोवर माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. तांदळाचा एक दाणा हातात घेऊन तो सेंद्रिय आहे की नाही हे कोणतीही प्रयोगशाळा खात्रीने सांगू शकत नाही. कीटकनाशकाचे अंश सापडले तर ‘नाही’ म्हणता येते. न सापडले तर ‘हो’ म्हणता येत नाही. त्यासाठी कागद आणि विश्वास लागतो.

म्हणून ‘सगळेच अन्न ऑर्गॅनिक असते, कार्बन सगळ्यांत आहे’ असे म्हणणारा विज्ञानाचा पदवीधर हुशार दिसतो, पण मुद्दा चुकवतो. कायद्याने ठरवलेला अर्थ हाही अर्थच. उलट, ‘सेंद्रिय आहे म्हणजे त्यात रसायन नाही आणि अपायही नाही’ असे म्हणणारा विक्रेता एका फांदीवरचा अर्थ दाखवून दुसऱ्या फांदीवरचे फळ विकतो. आम्हाला दुसरी चूक जास्त महागात पडणारी वाटते. पहिलीमुळे फार तर वाद होतो.

मुळांना काय कळते?

आता शेतकऱ्याच्या मुलाचा खरा प्रश्न. शेणखतातला नायट्रोजन आणि युरियातला नायट्रोजन यांत पिकाला फरक कळतो का?

मुळे नायट्रोजन घेतात तो मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या रूपांत. शेणखतातली प्रथिने आधी जिवाणू तोडतात, त्यांचे अमोनियम होते, मग नायट्रेट. युरियाचेही तेच होते, फक्त लवकर. जमिनीत युरिएज नावाचे विकर असते. ते युरिया फोडून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करते. मुळाशी पोहोचेपर्यंत दोन्हींची ओळख पुसलेली असते.

हे वर्गात दाखवता येते. दोन बाटल्यांत थोडे पाणी घेऊन प्रत्येकी एक चमचा युरिया विरघळवा. एकीत कच्च्या सोयाबीनचे पीठ दोन चमचे टाका. सोयाबीनमध्ये युरिएज भरपूर असते. भाजलेल्या सोयाबीनचे पीठ घेऊ नका, कारण उष्णतेने विकर निकामी होते. हळदीच्या पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या ओलसर असतानाच दोन्ही बाटल्यांच्या तोंडाशी लटकवून झाकण लावा. काही वेळाने पीठ घातलेल्या बाटलीतली पट्टी तांबूस होते, दुसरीतली पिवळीच राहते. सोयाबीन नसेल तर बागेतली ओली माती घ्या, मात्र एक-दोन दिवस थांबावे लागेल. बाटली उघडून थेट नाकाला लावू नये. हाताने वास आपल्याकडे ओढावा.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. युरियातला कार्बन वायू होऊन निघून गेला. माती परीक्षणाच्या पत्रिकेत ‘सेंद्रिय कर्ब’ असा रकाना असतो. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असला तर सर्वसाधारणपणे कमी समजतात. युरियात कार्बन आहे, तेव्हा युरिया घातल्याने सेंद्रिय कर्ब वाढेल, असा तर्क एखाद्या हुशार विद्यार्थ्याने केला तर तो शब्दांच्या दृष्टीने अगदी बरोबर आणि शेताच्या दृष्टीने पूर्ण चूक ठरेल. पत्रिकेतला सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याचा, मुळांचा, जिवाणूंचा कार्बन. हॉवर्ड आणि वाड यांचा ह्यूमस तो हाच. तो मातीचे कण बांधून ठेवतो, पाणी धरतो, जिवाणूंना खाद्य देतो. रोपाला फरक कळत नसेल, जमिनीला मात्र कळतो.

म्हणून शेणखत आणि युरिया यांना एकाच स्पर्धेत पळवणे बरोबर नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो. चांगल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का. तेवढाच नायट्रोजन शेणखतातून द्यायचा तर चार टनांहून जास्त खत लागेल, म्हणजे बैलगाडीच्या कितीतरी खेपा. तेवढी जनावरे आज किती घरांत आहेत, हे वर्गात हात वर करायला सांगून मोजता येईल. उलट, चार टन शेणखताने जमिनीचा जो पोत सुधारेल तो युरियाच्या शंभर गोण्यांनी सुधारणार नाही. एक नायट्रोजनचे साधन, दुसरे मुख्यतः जमिनीचे.

हा हिशेब न करता नुसत्या विशेषणावर देशाचे धोरण ठरवले तर काय होते, ते श्रीलंकेत दिसले. तिथल्या सरकारने २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खते आणि कीटकनाशके यांच्या आयातीवर एकदम बंदी घातली आणि सारा देश सेंद्रिय शेतीकडे नेण्याचे जाहीर केले. यामागे परकीय चलनाची टंचाईही होती, हे खरे. पण एवढ्या नायट्रोजनची जागा भरून काढील इतके कंपोस्ट देशात नव्हते. भाताचे आणि चहाचे उत्पादन घसरले, तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठवावी लागली. याच्या शेजारी सिक्कीम ठेवून पाहावे. तिथे विधानसभेचा ठराव २००३ चा, आणि राज्य पूर्ण सेंद्रिय झाल्याची घोषणा २०१६ च्या जानेवारीत. मध्ये बारा-तेरा वर्षे गेली, आणि मुळातच तिथे खतांचा वापर फार कमी होता. सिक्कीमचे उदाहरण देऊन विदर्भातल्या कापूस उत्पादकाला चार महिन्यांत बदलायला सांगणारा व्याख्याता, किंवा श्रीलंकेचे उदाहरण देऊन कंपोस्टची टिंगल करणारा खतविक्रेता, दोघेही अर्धेच सांगत असतात.

शाळेच्या चाचणीत एक प्रश्न हमखास असतो, ‘सेंद्रिय खते व रासायनिक खते यांतील फरक स्पष्ट करा.’ अपेक्षित उत्तराचे मुद्देही ठरलेले. सेंद्रिय खते नैसर्गिक, रासायनिक खते कृत्रिम. सेंद्रिय खते निर्धोक, रासायनिक खते घातक. या उत्तराला पूर्ण गुण मिळतात आणि त्यात मातीचा कुठे पत्ता नसतो. आम्ही सुचवू की प्रश्न जरा बदलावा. विद्यार्थ्यांना सहा नावे द्यावीत: युरिया, शेणखत, मोरचूद, गंधक, मोनोक्रोटोफॉस, निंबोळी अर्क. प्रत्येकापुढे तीन रकाने. यात कार्बनचे संयुग आहे का? हे सजीवांपासून थेट मिळते का? सेंद्रिय शेतीच्या नियमांत हे चालते का? तीनही रकान्यांत ‘होय’ येणारी नावे दोनच निघतील. निंबोळी अर्कही माशांच्या तळ्याजवळ बेताने वापरावा लागतो, हे चौथ्या रकान्यात कुणी आपणहून लिहिले तर त्याला एक गुण जादा द्यावा.